फुलराणीला बर्डीवर आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या तुमच्या हौशी संस्थेला बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून दोन अंकी नाटक बसवायचं आहे. एका प्राध्यापकानं पैजेवर रस्त्यावरच्या फुलवालीला उमरावांसारखं बोलायला शिकवायचं, ही त्या नाटकाची गोष्ट. फुलवाली सीताबर्डीची, बोली आपल्याकडची, प्राध्यापक पुण्याहून आलेला. मंडळींपैकी काहींनी 'माय फेअर लेडी' पाहिलाय, काहींनी २०२३चा मराठी 'फुलराणी', आणि एकाच्या घरी पुलंच्या 'ती फुलराणी'ची प्रत आहे. यातलं नेमकं काय धरून चालायचं यावरून तुमच्यात दोन तट पडलेत. शिवाय शेवट बदलला तर चालेल का आणि परवानगी कुणाची घ्यायची, हेही विचारलंय.

परवानगीचं उत्तर सरळ आहे, ते नंतर देतो. पण कोणती आवृत्ती धरायची हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. तुमचा प्रश्न आहे, तुमच्या नाटकात हसायचं कुणाला. तो सुटला की आवृत्तीचा प्रश्न अर्धाअधिक आपोआप सुटतो.

पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात फुलवाली पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा प्रेक्षक मनानं प्राध्यापकाच्या शेजारी उभा असतो. त्यालाही ते बोलणं गमतीचं, परकं वाटतं. मग नाटक हळूहळू त्याला तिथून उठवतं आणि तिच्या बाजूला नेऊन बसवतं. शॉची सगळी रचना या सरकण्यावर उभी आहे. आता हेच नागपुरात सायंटिफिकच्या सभागृहात करून पाहा. फुलवाली म्हणाली, "काहून बे, दिसत नाई का तुले? सारे फुलं तुडवून राहिला!" की हशा येणारच, पण तो आपलं माणूस भेटल्याचा हशा असेल. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण घरी असंच बोलतात. उरलेले चिडले की बोलतात. म्हणजे पाचव्या मिनिटालाच प्रेक्षक तिचा झाला. मग पुढचे दोन तास नाटकानं त्याला कुठून कुठं न्यायचं?

माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या बोलीतल्या बहुतेक रूपांतरांचं घोडं इथंच अडतं. पहिला प्रवेश तुफान जातो, दुसऱ्यापासून नाटक बसायला लागतं. कारण लेखकानं प्राध्यापकाला पुण्याचा खडूस करून ठेवलेला असतो आणि नागपूरच्या प्रेक्षकाला पुण्याच्या खडूस माणसाबद्दल नवीन काही कळायचं राहिलेलं नसतं. टाळ्या मिळतात, नाटक मिळत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना तुम्हाला कदाचित आवडणार नाही. प्राध्यापक पुण्याचा करू नका. तो नागपूरच्याच धंतोलीचा करा. इथंच वाढलेला, विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवणारा, घरी आजीशी नागपुरी बोलणारा आणि दाराबाहेर पडताच प्रमाण मराठीत शिरणारा. मग तो परका राहत नाही. प्रेक्षागृहातली जी आई आपल्या पोराला "'करून राहिलो' नाही, 'करतोय' म्हण, इंटरव्ह्यूत हसतील" असं बजावते, तिचाच तो प्रतिनिधी होतो. प्रेक्षक फुलवालीच्या बोलण्यावर प्रेमानं हसला, पण स्वतःच्या मुलीनं तसं बोलावं असं त्याला वाटत नाही. तुमच्या नाटकाला प्रेक्षकाला जिथून उठवायचं आहे, ती जागा ही. आणि ती फक्त आपल्याकडेच आहे.

प्राध्यापकाच्या बाजूनं खरी अडचणही ठेवा. मूळ नाटकात फुलवाली एलायझाला कुणी पकडून आणत नाही, ती स्वतः दारात येते. रस्त्यावर फुलं विकण्याऐवजी तिला दुकानात नोकरी हवी असते आणि बोलणं सुधारल्याशिवाय ती मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. शिकवणीचे पैसे म्हणून ती एक शिलिंग पुढं करते. प्राध्यापक हिगिन्स हिशेब करतो की तिच्या दिवसाच्या कमाईचा हा दोन पंचमांश भाग आहे, म्हणजे एखाद्या कोट्यधीशानं साठ-सत्तर गिनी द्याव्यात तसं. त्याला गंमत वाटते, पण त्याच वेळी त्या पैशाची किंमतही त्याला कळते. ही जागा कापू नका. तुमची मुलगी धरमपेठेतल्या बुके-शॉपमध्ये काउंटरवर उभं राहायची स्वप्नं बघते आणि मालक तिला "माल चांगला बांधतेस, पण गिऱ्हाइकाशी बोलू नको" म्हणतो, एवढं पुरे. तिची गरज खरी असेल तरच प्राध्यापकाचा खेळ क्रूर दिसेल.

आता आवृत्त्यांकडे येऊ. प्रत्येकीनं काय बदललं हे पाहणं उपयोगाचं आहे, पण नक्कल करायला म्हणून पाहू नका. त्या त्या माणसाला काय अडलं होतं, ते शोधायला पाहा.

मूळ नाटक १९१३ साली पहिल्यांदा व्हिएन्नात जर्मनमध्ये झालं आणि ११ एप्रिल १९१४ला लंडनमध्ये, मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल आणि बीअरबोम ट्री यांना घेऊन. पाच अंकांचं. वाचायला घ्याल तेव्हा एक गोष्ट तुम्हाला चक्रावून टाकेल. ज्याला आपण या गोष्टीचा गाभा समजतो, ते त्यात दिसतच नाही. शिकवणी जवळजवळ नाही. ज्या मोठ्या समारंभात ती उमराव घराण्यातली म्हणून खपून जाते, तो समारंभही नाही. तो तिसऱ्या आणि चौथ्या अंकाच्या मधल्या फटीत उरकतो. पडदा उघडतो तेव्हा मंडळी परत आलेली असतात, दमलेली.

नंतर जे कुणी आलं त्यानं या फटी भरल्या. १९३८च्या चित्रपटात अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांनी शिकवणी पडद्यावर आणली, समारंभ आणला. संकलक होता डेव्हिड लीन, पुढं मोठा दिग्दर्शक झालेला. शिकवणीचे ते भराभर बदलणारे तुकडे आजही ताजे वाटतात. या पटकथेसाठी शॉला ऑस्करही मिळालं. उच्चारांच्या सरावाचं, स्पेनच्या पावसाचं ते प्रसिद्ध वाक्यसुद्धा या चित्रपटातून आलं, १९१४च्या नाटकात ते नव्हतं. मग लर्नर आणि लोव यांनी १९५६ला ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आणली. आधी एकदा त्यांनी हात टेकले होते, कारण या नाटकात रीतसर प्रेमकथा नाही, उपकथानक नाही, समूहगीताला जागा नाही. वाट सापडली ती याच फटींतून: शॉनं जे अंकांच्या मध्ये घडवलं, ते रंगमंचावर आणायचं आणि त्यावर गाणी बांधायची. २७१७ प्रयोग झाले. १९६४ला जॉर्ज क्युकरनं त्याचा चित्रपट केला, आठ ऑस्कर मिळाली. ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत. आवाजावरच बेतलेल्या गोष्टीत नायिकेचा आवाज उसना, याची मला दरवेळी गंमत वाटते.

आपल्याकडे 'ती फुलराणी' १९७५ला आली. भक्ती बर्वेंची मंजुळा आणि सतीश दुभाषींचा प्राध्यापक. नागपुरात नायिकेसाठी निवड ठेवा, दहापैकी सहा मुली 'तुला शिकवीन चांगलाच धडा' घेऊन येतील. ते स्वगत शॉच्या नाटकात नाही. त्या जागी 'माय फेअर लेडी'त एक गाणं आहे, पुलंनी तिथं स्वगत घातलं आणि ते मूळ गाण्यापेक्षा आपल्या रंगभूमीला जास्त मानवलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ते स्वगत सगळ्यांच्या इतकं तोंडी बसलंय की ते मूळ गोष्टीचाच भाग आहे असं समजून तुमच्याकडूनही ते नकळत लिहिलं जाईल.

हिंदीत बासू चॅटर्जींनी 'मनपसंद' केला, १९८०. देव आनंद आणि टीना मुनीम. चित्रपट म्हणून तो मला बेताचाच वाटतो, पण त्यातला एक निर्णय शिकण्यासारखा आहे. त्यातली मुलगी दातून विकते आणि तिला घडवायचं असतं गायिका म्हणून. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला उच्चारांवरून माणसाचा दर्जा ओळखायची तितकी सवय नाही, पण सुरावरून चटकन कळतं. म्हणून त्यांनी कसोटीच बदलली. २०२३च्या विश्वास जोशींच्या 'फुलराणी'त सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर आहेत. तिथं भर बोलण्यापेक्षा एकूण रूपांतरावर, राहण्या-वागण्यावर गेला. पडद्याला ते सोयीचं असतं, कारण कॅमेऱ्याला बदललेलं रूप दाखवता येतं. रंगमंचावर विसाव्या रांगेतल्या माणसाला नवी साडी दिसते, त्यापलीकडे रूपातला बदल पोचत नाही. त्याला बोलणं पोचतं. तेव्हा चित्रपट पाहून मेकओव्हरच्या नादी लागू नका.

आणि समारंभ दाखवू नका. तुमच्याकडे पैसे असले तरी दाखवू नका. आठ हौशी कलाकार भाड्याच्या शेरवान्या घालून उच्चभ्रू पार्टी करायला लागले की ती पार्टी गॅदरिंगसारखी दिसते. तिथं तिनं कुणाला फसवलं यावर कुणाचा विश्वास बसणार? शॉला हे कळत होतं. दोन अंकी रचनेत तर ही फट तुम्हाला फुकट मिळते: चहापानाच्या प्रवेशावर पहिला अंक संपवा आणि समारंभ मध्यंतरात होऊ द्या. प्रेक्षक बाहेर वडा खातोय तेवढ्यात ती जिंकलेली असते. दुसऱ्या अंकाचा पडदा थेट त्या रात्रीवर उघडतो. दोघं पुरुष, प्राध्यापक आणि त्याचा मित्र, जांभया देत आत येतात, संध्याकाळ किती कंटाळवाणी झाली ते एकमेकांना सांगतात, "सुटलो एकदाचे" म्हणतात, आणि जिच्यामुळं पैज जिंकली ती तिथंच बसलेली असते, तिच्याशी कुणी बोलत नाही.

या प्रवेशात चित्रपटाला क्लोजअप मिळतो. तुम्हाला तो जागेतून मिळवायचा आहे. मूळ सूचनेत ती पियानोच्या बाकावर गप्प बसते. तुम्ही तिला रंगमंचाच्या पुढच्या भागात, दोघांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच बसवा, म्हणजे प्रत्येक वेळी त्यांना तिला वळसा घालून जावं लागेल. एखाद्या खुर्चीला घालावा तसा. संवाद त्यांचा, पण प्रेक्षकाची नजर तिच्यावर. वेगळा स्पॉट मारायची गरज नाही, उलट तो मारलात तर लेखक बोट धरून दाखवतोय असं वाटेल. मग ती प्राध्यापकाच्या अंगावर चपला फेकते, त्याआधीची शांतता किती लांबवायची ते तालमीत ठरत नाही, पहिल्या दोन प्रयोगांत कळतं. नायिकेला एवढंच सांगा की घाई करू नकोस.

आता चहापान. सगळ्या आवृत्त्यांमधला हा सगळ्यांत विनोदी प्रवेश आणि तुमची परीक्षा इथंच आहे. हिगिन्सची आई पाहुण्यांना बोलावते, एलायझाची पहिली चाचणी असते आणि तिला ताकीद असते की फक्त हवा आणि तब्येत या दोनच विषयांवर बोलायचं. ती दोन्ही विषय इमानदारीनं पाळते. आधी हवामान खात्याच्या अहवालासारखं बोलते, मग कुणीतरी तापाचा विषय काढतं आणि ती त्याच नाजूक उच्चारांत सांगते की तिची मावशी तापानं गेली असं म्हणतात, पण तिच्या मते तिला मारलंच, आणि मावशीची जी नवी हॅट हिला मिळायची होती ती ज्यांनी चोरली त्यांनीच मारलं. १९१४च्या प्रेक्षकाला शेवटच्या शिवीचा धक्का बसला होता. तो धक्का आज उरलेला नाही, पण प्रवेश अजून हसवतो, कारण विनोद शिवीत कधी नव्हताच. घासूनपुसून लखलखीत केलेल्या भाषेतून न घासलेलं आयुष्य बाहेर येतं, विनोद त्यात आहे. 'माय फेअर लेडी'नं हा प्रवेश अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत नेला, सेसिल बीटनच्या काळ्यापांढऱ्या वेशभूषेत. दिसायला देखणा झाला, पण दिवाणखान्यातली कोंडी गेली. तुम्ही तो दिवाणखान्यातच ठेवा.

नागपूरकराला तर हे दोन विषय देणगीच आहेत. हवा आणि तब्येत, म्हणजे ऊन आणि ऊन लागणं! मे महिन्यात आपल्याकडे तिसरा विषय असतो कुठं? मी नमुना म्हणून लिहून दाखवतो, वापरायचा तर खुशाल वापरा. मुलगी सावकाश, एकेक ळ आणि ण जागच्या जागी ठेवत म्हणते: "आज विदर्भात हवामान कोरडे राहील. कमाल तापमान पंचेचाळीस अंशांच्या आसपास राहण्याची शक्यता आहे." सगळे माना डोलावतात. यजमानीण म्हणते, जपायला हवं, ऊन फार वाईट. त्यावर मुलगी, आवाजात काडीचाही फरक न करता: "माझी आत्या ऊन लागून गेली, असं सगळे म्हणतात. पण तिच्याकडे नवाकोरा कूलर होता. कूलरसमोर झोपणाऱ्या बाईला ऊन कसं लागेल? तो कूलर मला मिळायचा होता. ज्यानं कूलर स्वतःच्या घरी पोचवला, त्यानंच आत्याला वर पोचवलं."

यात बोलीचा एकही शब्द नाही हे पाहा. हा प्रवेश बोलीत घसरवून हशा घ्यायचा मोह प्रत्येक दिग्दर्शकाला होतो: मुलगी शुद्ध बोलता बोलता मध्येच "काहून बे" म्हणते आणि प्रेक्षक कोसळतो. एकदाच, प्रवेशाच्या अगदी टोकाला, जाताजाता चालेल. आधी आणलंत तर विनोद उच्चारांवर गेला आणि आत्या, कूलर सगळं वाया.

बोलीबद्दल आता जरा सविस्तर, कारण तिथं नागपूरचा प्रेक्षक कान टवकारून बसलेला असतो. विदर्भाची म्हणून एक बोली नाही. अमरावती-अकोल्याकडची वऱ्हाडी वेगळी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीची झाडीबोली वेगळी आणि शहरातली हिंदी मिसळलेली नागपुरी त्याहून वेगळी. तुमची मुलगी कुठली ते आधी ठरवा. ती काटोल-नरखेडकडून लहानपणी आलेली असेल तर घरी एक आणि बाजारात एक अशी तिची दोन बोलणी असतील, आणि ते फार उपयोगाचं आहे. शॉचा हिगिन्स पहिल्याच प्रवेशात माणसाच्या बोलण्यावरून त्याची गल्ली ओळखतो. तुमच्या प्राध्यापकालाही हे करू द्या, उमरेडचा कोण, मोर्शीचा कोण, इतवारीचा कोण. पण मग लेखकाला ते फरक खरोखर माहीत हवेत. सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच 'मले-तुले' पेरून हे साधणार नाही. झाडीपट्टी रंगभूमीवर काम केलेला एखादा ज्येष्ठ नट तालमीला बोलवा, तो दोन मिनिटांत कान पकडेल.

उच्चारांच्या धड्यासाठी तुम्हाला स्पेनचा पाऊस नको आणि पुलंचं काहीच नको. आपल्याकडे ळ आहे. वऱ्हाडीत त्याचा य होतो, शाळेची शाया, केळीची केयी. प्राध्यापकानं वाक्य द्यावं: "सकाळी सकाळी काळ्या शेळीनं कोवळी पालवी चघळली." मुलीनं म्हणावं: "सकायी सकायी काया शेयीनं कोवयी पालवी चघयली." हे आठवडेच्या आठवडे चालल्याचं दाखवायला तीन-चार छोटे तुकडे पुरतात, मध्ये काळोख करून. इथं लीनच्या संकलनातून जरूर शिका: तुकडा मध्येच तोडा, शेवटचा शब्द पुढच्या तुकड्यावर पडू द्या. आणि ज्या दिवशी तिला ळ येतो त्या दिवशी तिला नाचवू नका. ती जागा 'माय फेअर लेडी'तल्या स्पेनच्या पावसाच्या गाण्यानं कायमची व्यापलेली आहे, तुम्ही काहीही केलंत तरी प्रेक्षक तुलना करेल. माझ्या मनात असं येतं की पहिला ळ तिला धड्यात येऊच नये. नोकरावर ओरडताना, लक्ष नसताना यावा, आणि तो प्राध्यापकाच्या आधी आजीच्या लक्षात यावा.

एक गोष्ट टाळता येणार नाही. लंडनमध्ये उच्चार माणसाचा वर्ग सांगतात. आपल्याकडे ते जातही सांगतात. फुलवालीला आडनाव दिलंत, प्राध्यापकाला आडनाव दिलंत की प्रेक्षकानं हिशेब केलेला असतो. त्यावर भाषण नको, पण आपल्याला ते दिसलंच नाही असं दाखवणंही नको. कर्नल पिकरिंगच्या जागी जो सभ्य मित्र असेल, त्यानं तिला पहिल्यापासून 'अहो' म्हणावं. मूळ नाटकात एलायझा म्हणते की पिकरिंग तिला 'मिस डूलिटल' म्हणाला तिथून तिचं खरं शिक्षण सुरू झालं. आपल्याकडे हे एका 'अहो'त बसतं. प्राध्यापक तिला शेवटपर्यंत 'ए' म्हणत राहिला की बाकी काही बोलायची गरज नाही.

घटनास्थळ तुम्ही बर्डी धरलंय, उत्तम. शॉनं कोव्हेंट गार्डन निवडलं कारण तिथं भाजीबाजार आणि संगीतनाट्यगृह शेजारी होतं, पाऊस आला की दोन्हीकडची माणसं एकाच छपराखाली यायची. आपल्याकडे नेताजी मार्केटची फुलं आहेत, नाट्यगृह जवळच आहे असं धरता येईल, आणि झाशी राणी चौकात आता मेट्रो स्टेशनचं छप्परही आहे. नाटक सुटलेली मंडळी आणि बाजार आवरणारी मंडळी अवकाळीत तिथं कोंडतील. नेपथ्याला एक खांब आणि एक जिना पुरे.

शेवटाबद्दल शॉ स्वतः जन्मभर भांडला. १९१४च्या प्रयोगात हिगिन्सचं काम करणाऱ्या ट्रीनं पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकून प्रेम सूचित केलं, तेव्हा शॉ भडकला. १९१६ला त्यानं लांबलचक पुरवणी लिहून सांगितलं की ती फ्रेडीशी, म्हणजे तिच्यावर भाळलेल्या तरुणाशी लग्न करते, हिगिन्सशी नाही. तरीही १९३८च्या चित्रपटात ती परत येते आणि हिगिन्स चपला मागतो. 'माय फेअर लेडी'नं तेच उचललं. म्हणजे शेवट बदलायची परंपरा नाटकाइतकीच जुनी आहे, तुम्हीही बदला. पण ती कुणाकडे जाते यावर तुम्ही सगळे भांडताय, ते मला दुय्यम वाटतं. शेवटच्या प्रवेशात ती कोणत्या भाषेत बोलते, हा तुमच्या नाटकाचा शेवट आहे.

तरुण संस्थांचा कल मला ठाऊक आहे: शेवटी ती पुन्हा वऱ्हाडीत येते, मायबोलीवर दोन मिनिटं बोलते, टाळ्या, पडदा. नका करू. एकतर नाटकाची सभा होते. दुसरं, ते खोटं आहे. ती आता दोन्ही बोलते आणि काउंटरवरची नोकरी तिला अजूनही हवी आहे. शॉचा पाचवा अंक नीट वाचा. एलायझाच्या बापाला एका श्रीमंत माणसाच्या मृत्युपत्रामुळं वर्षाला तीन हजार पौंड मिळालेत, तो लग्नाच्या कपड्यात अवतरतो, आणि त्याला पाहून एलायझाच्या तोंडून जुनीच आरोळी निघते. हिगिन्सला वाटतं आपण जिंकलो, ही काही बदललेली नाही. पण लगेच ती त्याच्याशी त्याच्याच भाषेत, त्याच्यापेक्षा शांतपणे बोलते. तुमच्याकडे हे फार चांगलं जमेल: बापाशी ती नागपुरीत बोलते, प्राध्यापकाकडे वळते तेव्हा प्रमाण मराठीत, आणि हे वळणं तिला अजिबात कठीण जात नाही. बसलेल्या प्रत्येक नागपूरकराला ते घरचं वाटेल, तोही रोज हेच करतो. प्राध्यापकानं आजीशी नागपुरी बोलायला हवी असं मी वर म्हटलं, ते यासाठीच. जे तो लपवून करतो, ते ती उघड करते.

आता परवानगी. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. शॉ १९५०ला गेला, म्हणजे २०११पासून त्याचं 'पिग्मॅलियन' आपल्याकडे मोकळं आहे. त्यावरून तुम्ही थेट नवं रूपांतर लिहू शकता. पुलं २००० साली गेले, 'ती फुलराणी'चे हक्क २०६०च्या अखेरपर्यंत आहेत. तेव्हा मंजुळा हे नाव, ते स्वगत, त्यातली गाणी, प्रसंगांचे त्यांनी केलेले बदल, यातलं काहीही परवानगीशिवाय नको. 'माय फेअर लेडी'ची गाणी आणि संवादही नकोत. सुरक्षित वाट एकच: शॉचं इंग्रजी नाटक समोर ठेवून लिहा, बाकी सगळं पाहा आणि बाजूला ठेवा. घरात सापडलेली ती प्रत लेखन चालू असेपर्यंत मालकाच्याच घरी राहू द्या. संहिता झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं असेल तर प्रवेशिकेसोबत कोणती पत्रं लागतात ते त्या वर्षीच्या नियमावलीत पाहा आणि संहितेवर शॉचं नाव स्पष्ट लिहा. तिकीट लावून बाहेर प्रयोग करायचे असतील तर लेखकाशी आत्ताच लेखी करार करा. मैत्रीत हे राहून जातं आणि नाटक चाललं की आठवतं.

राहिली नायिका. प्रमाण मराठी उत्तम बोलणाऱ्या मुलीला बोली शिकवायची की बोलीतल्या मुलीला प्रमाण, असं तुम्ही शेवटी विचारलंय. दुसरी निवडा. शिकलेली बोली रंगमंचावर हमखास नक्कल होते, प्रत्येक वाक्याला 'बे' लागतो आणि हेल मालिकेतला येतो. बोलीत वाढलेली आणि कॉलेजात प्रमाण मराठी कमावलेली मुलगी नागपुरात प्रत्येक वर्गात सापडते. हा प्रवास तिनं एकदा केलेला असतो, त्यामुळं ळ कुठं अडतो, कुठं लाज वाटते, हे तिला सांगावं लागत नाही. निवडीच्या दिवशी पाठ केलेलं स्वगत ऐकू नका. तिला आधी आईशी फोनवर बोलायला लावा, मग फोन ठेवल्यावर लगेच तुमच्याशी.